अध्यक्षाचा शब्द : अकोला कराराच्या निमित्ताने



वऱ्हाडच्या कापूस-बाजारात ज्या घराण्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना हुंडी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अमरावतीच्या जुन्या ‘उमरावती’ या नावावरून येथील कापूस मुंबईच्या व लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाई, त्या काळी एवढ्या मोठ्या व्यापाराचा पैसा थैल्यांतून कमी आणि हुंड्यांतून अधिक फिरत असे. हुंडीच्या कागदाला स्वतःची किंमत नसते. ज्याने ती लिहिली त्याची पत आणि ज्या पेढीवर ती लिहिली त्या पेढीची तिजोरी, या दोहोंवर तिचे मोल ठरते. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळतात, मुदती हुंडीला थांबावे लागते. परंतु दोन्ही प्रकारांत हुंडी सकारणारा हा लिहिणाऱ्याहून वेगळा असतो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कोणत्याही संस्थेच्या अध्यक्षाचा शब्द हा या अर्थाने हुंडीच असतो. अध्यक्ष भर सभेत शब्द देतो तेव्हा तो स्वतःच्या खिशातून काही देत नसतो. विश्वस्त, सभासद, कार्यकारिणी, कधी शासन, कधी दाते अशा इतरांच्या पेढीवर तो चिठ्ठी लिहीत असतो. ती सकारली गेली की त्याच्या पुढच्या चिठ्ठीला मान मिळतो. परत आली की पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर बट्टा बसू लागतो. अध्यक्षपदाच्या अधिकारांची यादी घटनेत वा नियमावलीत छापलेली असते. त्यातले एक अक्षरही कमी न होता अध्यक्षाची सत्ता संपुष्टात येऊ शकते, ती अशी. खोटे बोलणाऱ्या अध्यक्षाची पत जावी यात नवल नाही आणि त्याविषयी फार बोलण्यासारखेही काही नाही. विचार करावा असा प्रश्न निराळा आहे. सचोटीच्या, त्यागी, निःस्पृह अध्यक्षाचा शब्दही कसा निकामी होतो? या प्रश्नाचे एक उत्तर याच वऱ्हाडात, अकोल्यात, पाऊणशे वर्षांपूर्वी घडलेल्या एका घटनेत सापडते.

ती घटना म्हणजे ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार. स्वातंत्र्य अवघे एक आठवडा दूर होते. देशाच्या फाळणीचा कोलाहल सर्वत्र माजलेला असताना मराठी भाषकांचे पुढारी अकोल्यात एकत्र आले आणि मराठी मुलखाच्या एकत्रीकरणाचा मसुदा त्यांनी तयार केला. वऱ्हाडच्या मनात त्या वेळी दोन भावना एकाच वेळी वास करीत होत्या. एकीकडे मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हावे ही ओढ होती. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आलेला, १९०२ च्या करारान्वये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिलेला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला हा प्रदेश आपल्या भाषेच्या राज्यापासून वंचितच राहिला होता. दुसरीकडे धास्ती होती. मुंबई-पुण्याच्या पुढारलेल्या मुलखात आपण गेलो तर आपला कापूस जाईल, महसूल जाईल आणि निर्णय घेताना आपली आठवण कोणास होणार नाही, ही ती धास्ती. तिला प्रांतिक संकुचितपणा म्हणून हिणवण्याची चाल पुढे पडली. पण ती वस्तुस्थितीतून आलेली होती. या मुलखाविषयीचे निर्णय शतकभर कधी हैदराबादेत, कधी कलकत्त्यात, कधी नागपुरात झाले होते, हे विसरता येत नाही.

बेळगाव येथे १९४६ च्या मे महिन्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. संमेलनाचे अध्यक्ष नागपूरचे ग. त्र्यं. माडखोलकर होते. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद शंकरराव देव यांच्याकडे आले. देव हे काँग्रेसचे अखिल भारतीय पातळीवरचे नेते, गांधीजींचे निष्ठावंत अनुयायी, संविधान सभेचे सदस्य. त्यांच्या वैयक्तिक चारित्र्यावर विरोधकांनीही बोट ठेवले नाही. असा पुरुष परिषदेचा अध्यक्ष या नात्याने अकोल्यास आला, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी प्रभृती वैदर्भीय धुरीणांशी त्याने वाटाघाटी केल्या आणि धास्तीवर उतारा म्हणून एक योजना मान्य केली. मराठी भाषकांचा एक प्रांत व्हावा, परंतु त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, प्रत्येकाचे विधिमंडळ वेगळे, मंत्रिमंडळ वेगळे, असा त्या योजनेचा गाभा होता.

योजना चतुर होती आणि हेतू निर्मळ होता. पण ही हुंडी कोणावर लिहिली होती? परिषदेवर नव्हे, कारण प्रांत निर्माण करणे परिषदेच्या हाती नव्हते. ती लिहिली होती दिल्लीतील संविधान सभेवर, आणि त्या पेढीने अशी चिठ्ठी सकारण्याचे कबूल केलेले नव्हते. फाळणीनंतरच्या वातावरणात दिल्लीला भाषावार प्रांतांची कल्पनाच धोकादायक वाटू लागली. १९४८ च्या दार आयोगाने ती नाकारली. पाठोपाठ नेहरू, पटेल आणि पट्टाभि या त्रयीच्या समितीने १९४९ साली ती लांबणीवर टाकली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत उपप्रांताला जागाच नव्हती. अकोल्यात दिलेला शब्द कोणी मोडला असे म्हणता येत नाही. तो कोणी पाळलाही नाही. मुदत भरली आणि चिठ्ठी परत आली, इतकेच.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. दिलेला शब्द दुसऱ्याच्या हातातील गोष्टीविषयी होता, म्हणून शब्द देणाऱ्यावर दोष नाही, असे न्यायाने म्हणता येईल. व्यवहारात मात्र लोक असा हिशेब करीत नाहीत, आणि त्यांनी तो करावा अशी अपेक्षाही रास्त नाही. शेतकरी आपला माल अडत्याच्या भरवशावर टाकतो. अडत्याचे पैसे मुंबईच्या पेढीत अडकले, हे त्याला मागाहून सांगून काय उपयोग? त्याचा व्यवहार अडत्याशी झालेला असतो. अकोल्यात वऱ्हाडने व्यवहार केला तो परिषदेच्या अध्यक्षांशी.

पहिला परिणाम असा झाला की पुढच्या खेपेस वऱ्हाडने अधिक पक्का कागद मागितला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे यांसारख्या नेत्यांच्या त्यावर सह्या आहेत. या करारात उपप्रांत नाहीत. त्यांच्या जागी तपशील आले. विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, शासकीय नोकऱ्या व शिक्षणातील प्रवेश त्याच प्रमाणात, उच्च न्यायालयाचे पीठ नागपुरात, शासनाचा मुक्काम वर्षातून ठराविक काळ नागपुरास आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे. जुन्या सावकारीत हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ लिहून देत आणि पेठही हरवली तर ‘परपेठ’. नागपूर करार ही अकोल्याच्या हुंडीची पेठ होती. शब्दाची पत घटू लागली की कागद वाढू लागतो, याचे हे पहिले लक्षण होय.

दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला, तेव्हा त्यात बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले होते. दोन-दोन करारांवर सह्या झालेल्या असताना आयोगाच्या मनावर ठसली ती विदर्भाची शंका. ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे, अकोला कराराच्या वेळी एकत्रीकरणाच्या वाटाघाटीत असलेले नेते तोवर महाविदर्भाच्या बाजूने उभे होते.

आणि मग आला तो ऑक्टोबर १९५५. अहवालाने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारला होता आणि गुजरातला जोडलेले द्विभाषिक राज्य पुढे केले होते. दिल्लीत काँग्रेस श्रेष्ठींबरोबर चर्चा सुरू झाली. मुंबई हातची जाऊ नये या तळमळीने शंकरराव देवांनी एक तोडगा पुढे केला. विदर्भासह मोठे द्विभाषिक राज्य काही काळ चालावे आणि पाच वर्षांनंतर गुजरातला हवे असल्यास त्याने बाहेर पडावे, असे त्याचे स्वरूप होते. मुत्सद्देगिरी म्हणून त्यात तथ्य नव्हते असे नाही. किंबहुना पुढे १९५६ ते १९६० या काळात घडले ते याच्या फार जवळ जाणारे होते. परंतु आठ-नऊ वर्षे ज्या परिषदेने एकभाषिक संयुक्त महाराष्ट्राची मागणी घराघरांत नेली, तिच्याच अध्यक्षाने हा तोडगा मांडावा याचा लोकांना धक्का बसला. परिषदेने असा अधिकार त्यांना दिलेला नव्हता. पुन्हा तेच घडले होते. ज्या पेढीवर चिठ्ठी लिहिली, त्या पेढीला विचारलेले नव्हते. अकोल्यात ती पेढी दिल्लीची होती. या वेळी ती स्वतःच्याच माणसांची होती.

त्यानंतरच्या घटना झपाट्याने घडल्या. नोव्हेंबरात काँग्रेस कार्यकारिणीने तीन राज्यांचे सूत्र जाहीर केले, म्हणजे ज्या दिल्लीसाठी देवांनी तडजोड सुचविली त्या दिल्लीनेही ती घेतली नाही. घरचे नाराज, दारचे उदासीन. १ डिसेंबर १९५५ रोजी फलटण येथे यशवंतराव चव्हाण यांनी देवांच्या नेतृत्वावर आपला विश्वास उरला नसल्याचे उघडपणे सांगितले, आणि संयुक्त महाराष्ट्र व नेहरू यांत निवड करायची झाल्यास आपण नेहरूंची निवड करू, असेही त्याच वेळी जाहीर केले. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असल्याची घोषणा केली. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले. त्याच वर्षी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख या प्रश्नावर मंत्रिपद सोडून बाहेर पडले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि चळवळीची सूत्रे परिषदेच्या हातून समितीच्या हाती गेली.

या साऱ्यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. देवांना अध्यक्षपदावरून कोणी ढकलले म्हणून त्यांची सत्ता गेली, असे झाले नाही. सत्ता आधी गेली. पद मागाहून निरर्थक झाले. परिषद होती, तिची घटना होती, अध्यक्षांची स्वाक्षरी होती. त्या स्वाक्षरीने माणसे हलत नव्हती, एवढाच फरक पडला होता. १९५० साली ज्यांनी पुरुषोत्तमदास टंडन व आचार्य कृपलानी यांच्या विरुद्ध काँग्रेसच्या राष्ट्रीय अध्यक्षपदाची निवडणूक लढविली होती, असे हे देशपातळीवरचे नाव पाच वर्षांत महाराष्ट्राच्या राजकारणातून जवळजवळ पुसले गेले. देव पुढे सर्वोदयाच्या कार्यात रमले. १९६३ साली चीनशी मैत्रीचा संदेश घेऊन दिल्लीहून पेकिंगकडे निघालेल्या पदयात्रेचे नेतृत्व त्यांनी केले. युद्धाच्या जखमा ताज्या असताना असे धाडस करणाऱ्याच्या निष्ठेविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. माणूस अखेरपर्यंत खरा राहिला. अध्यक्ष म्हणून त्याच्या शब्दाला असलेले वजन मात्र १९५५ च्या त्या तीन महिन्यांत संपले.

सचोटी आणि विश्वासार्हता या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आपल्या सामाजिक जीवनात पुरेसे ओळखले जात नाही. सचोटी ही माणसाची असते. विश्वासार्हता ही त्याच्या आणि त्याच्यावर विसंबणाऱ्यांच्या दरम्यान असते. ती त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते. म्हणूनच ‘मी तर प्रामाणिक होतो’ असे म्हणून ती परत मिळत नाही.

हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाएवढे लेखी अधिकार जगात फार थोड्या पदांना असतील. तरीही रिचर्ड न्यूस्टॅट या अभ्यासकाने १९६० साली त्या पदावर लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, राष्ट्राध्यक्षाची खरी सत्ता हुकूम सोडण्यात नसून इतरांचे मन वळविण्यात असते, आणि मन वळविता येते ते राजधानीतील माणसांना त्याच्या शब्दाचा भरवसा वाटतो तोवरच. पुढील इतिहासाने त्याला दाखले पुरविले. लिंडन जॉन्सन यांनी १९६४ च्या निवडणुकीत आशियातील युद्ध अमेरिकी मुलांनी लढावे असे आपल्याला वाटत नसल्याची ग्वाही दिली. पुढच्याच वर्षी व्हिएतनाममध्ये सैन्य उतरले आणि १९६८ पर्यंत ते पाच लाखांवर गेले. सरकारचे निवेदन आणि वस्तुस्थिती यांतील अंतराला तेथील वृत्तपत्रांनी विश्वासार्हतेची दरी असे नावच दिले. मार्च १९६८ मध्ये जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले. थोरल्या जॉर्ज बुश यांनी १९८८ च्या पक्ष अधिवेशनात नवे कर लादणार नाही असे ठासून सांगितले आणि १९९० साली अंदाजपत्रकाच्या तडजोडीत करवाढ स्वीकारली. अनेक अर्थतज्ज्ञांच्या मते ती करवाढ देशहिताचीच होती. आखाती युद्धानंतर सुमारे नव्वद टक्के लोकांची पसंती मिळविलेला हा राष्ट्राध्यक्ष १९९२ साली मात्र पराभूत झाला. पराभवाची कारणे अनेक असली तरी मोडलेल्या शब्दाची आठवण विरोधकांनी शेवटपर्यंत विझू दिली नाही. येथेही चूक धोरणाची नव्हती. आधी दिलेल्या शब्दाच्या निरपवादपणाची होती.

पुन्हा वऱ्हाडकडे वळू. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला झिडकारले होते. स्वतः यशवंतराव कराडमधून थोड्या मतांनी निवडून आले होते. द्विभाषिकाचे सरकार त्या वेळी तरले ते गुजरात, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या बळावर. या उपकाराची जाणीव यशवंतरावांना निश्चित होती. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांनी विधिमंडळात नागपूर करारातील आश्वासनांचा पुनरुच्चार केला. त्यांतील डोळ्यांना दिसणारी आश्वासने बहुतांशी पाळली गेली. नागपूरचे खंडपीठ राहिले. हिवाळी अधिवेशन काही अपवाद सोडता दरवर्षी नागपुरात भरत आले. अलीकडचे अपवाद २०२० आणि २०२१ चे. ही अधिवेशने किती दिवसांची आणि ‘शासनाचा मुक्काम’ या शब्दांशी त्यांचे नाते कितपत, हा प्रश्न मात्र अवघडच आहे.

जी आश्वासने मोजावी लागतात, त्यांची कथा वेगळी. कृषी विद्यापीठाचे उदाहरण अकोलेकर विसरलेले नाहीत. कापसाच्या या मुलखात कृषी विद्यापीठ व्हावे ही मागणी १९६७ साली रस्त्यावर आली, जांबुवंतराव धोटे यांच्यासारखे तरुण नेतृत्व त्यातून पुढे आले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ साली राहुरीस स्थापन झाले. अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अस्तित्वात आले. विद्यापीठ मिळाले, त्याने पुढे मोठे कामही केले. परंतु जे शब्दाने मिळावयास हवे होते ते आंदोलनाने मिळाले, आणि यातून वऱ्हाडच्या एका पिढीने घेतलेला धडा शासनाच्या पुढच्या सर्व शब्दांना भोवला. स्वतंत्र विदर्भाच्या मागणीवर १९६२ साली वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले लोकनायक बापूजी अणे नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले होते. १९७१ साली धोटे त्याच जागेवरून गेले. विदर्भाचे राज्य व्हावे की न व्हावे, याविषयी या सभेतही मतभेद असतील. तो आजचा विषय नाही. शब्द वटेनासा झाला म्हणजे मतदार आपली ठेव कोठे हलवितो, हे या दोन निवडणुकांत दिसते एवढेच.

आकड्यांचा हिशेब झाला तो १९८४ साली. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले. राज्यातील एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यांपैकी विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा. अनुशेष हा शब्दच तेव्हापासून वऱ्हाडच्या बोलण्यात रुळला. पाटबंधाऱ्यांचा अनुशेष सर्वांत मोठा होता, आणि पुढील अनेक वर्षे तो चिकटून राहिला तो अमरावती, अकोला, बुलढाणा आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम या चार जिल्ह्यांना. कपाशी पावसावर, आणि पाऊस कोणाच्याही करारात नाही.

मग परपेठ निघाली. घटनेच्या ३७१ (२) या कलमात वैधानिक विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून होती. विधिमंडळाने १९८४ साली ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश निघण्यास १९९४ उजाडले. अकोल्याच्या एका शब्दापाशी सुरू झालेला हा प्रवास अशा रीतीने करार, समिती, घटनेचे कलम, राष्ट्रपतींचा आदेश आणि राज्यपालांचे निर्देश इथवर आला. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा स्थापन करण्याची विनंती केंद्राला करावी असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला. मुंबईहून एखादी घोषणा झाली की अकोल्याच्या वा अमरावतीच्या चौकात ती ऐकणारा माणूस मनातल्या मनात तिच्यावर आधी बट्टा लावतो आणि उरलेल्या रकमेवर विचार करतो. मुख्यमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, हा बट्टा त्याला वारशाने मिळतो. स्वतः न मोडलेल्या शब्दांचीही किंमत त्याला चुकवावी लागते.

याच्या नेमके उलट चित्रही याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा कोणत्याही सरकारी पदावर नव्हते. खराटा आणि फुटके मडके एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या केल्या, त्या लोकांनी दिलेल्या पैशांवर. लोक पावती न मागता देत, कारण पूर्वी दिलेल्या पैशाची इमारत त्यांना डोळ्यांनी दिसत होती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वास्तू उभारून दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्याच्या पुढच्या मागणीवर बट्टा कोण लावणार? डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुल्या केल्या. जिल्हा कौन्सिलच्या कक्षेत जे होते, तेच त्यांनी हाती घेतले आणि ते केले. पुढे शिक्षणसंस्थेसाठी त्यांनी झोळी पसरली, तेव्हा वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ती रिकामी जाऊ दिली नाही.

आता या इतिहासाचा आपल्या सुवर्णमहोत्सवाशी असलेला संबंध. धर्मादाय संस्थेचा अध्यक्ष लहान प्रमाणात का होईना, रोज याच प्रसंगातून जात असतो. पर्युषणात सभागृह भरलेले असते, दात्यांचा उत्साह ओसंडत असतो, कोणी वसतिगृहाची सूचना करतो, कोणी दवाखान्याची. टाळ्या पडतात आणि व्यासपीठावरून शब्द जातो. त्या क्षणी अध्यक्षाला नाही म्हणणे जड जाते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु ज्या पेढीवर ही चिठ्ठी लिहिली गेली, ती पेढी म्हणजे विश्वस्त मंडळ, आणि कायद्याने निर्णय त्या मंडळाचा असतो, एकट्या अध्यक्षाचा नव्हे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकावयाची, अदलाबदल करावयाची वा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. न्यासाचा भूखंड एखाद्या शाळेला देऊ, असा शब्द भर सभेत देणारा अध्यक्ष आपल्या हाती नसलेली वस्तू देत असतो. पुढे परवानगी मिळत नाही, मंडळात मतभेद होतात, कोनशिला बसते आणि भोवती गवत वाढते. पुढच्या वर्षी बोली बोलली जाते, ती चढते. वसूल होताना मात्र हात आखडतात. मग वर्गणी कमी का झाली म्हणून समाजाच्या श्रद्धेला दोष दिला जातो. श्रद्धा कमी झालेली नसते. दात्याने बट्टा लावलेला असतो.

याचा अर्थ अध्यक्षाने काही बोलूच नये, असा नाही. मुका अध्यक्ष संस्थेला पुढे नेत नाही. ‘मंडळापुढे हा विषय ठेवतो आणि अमुक महिन्याच्या सभेत काय ठरले ते सांगतो’ हा देखील शब्दच आहे, आणि तो अध्यक्षाच्या स्वतःच्या तिजोरीतून देता येतो. टाळ्या त्याला कमी पडतील. शंकरराव देवांनी अकोल्यात उपप्रांतांसाठी प्रयत्नांची शिकस्त करीन आणि दिल्लीत काय झाले ते अकोल्यास येऊन सांगेन एवढेच म्हटले असते, तर त्या दिवशीचा करार कदाचित इतका दिमाखदार दिसला नसता. पण १९५० नंतर वऱ्हाडशी बोलताना परिषदेच्या अध्यक्षाला तोंड उरले असते.

आजच्या या सोहळ्यात व्यासपीठावरून काही संकल्प जाहीर होतील आणि ते व्हावेतही. त्यांची नोंद स्मरणिकेत राहील. पण तेवढ्याच काळजीने ती इतिवृत्ताच्या वहीतही घेतली जावी. कोणता संकल्प मंडळाने आधीच मंजूर केलेला आहे, कोणता मंजुरीसाठी जावयाचा आहे आणि कोणता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवर अवलंबून आहे, हे प्रत्येकासमोर लिहिलेले असावे. पुढील वार्षिक सभेत नवीन घोषणांच्या आधी ही यादी वाचली जावी, आणि ती अध्यक्षांनी स्वतः वाचावी. व्यवस्थापकाकडे सोपवू नये.